म्हशीनं खाल्लेला हुरडा

जानेवारी लागला की माझा फोन थांबत नाही. शाळांची स्नेहसंमेलनं, वाचनालयांचे कार्यक्रम, कुणाचा तरी बालमेळावा. मी लहान मुलांसाठी मराठीत गोष्टी लिहिते आणि माझं नाव रुबीना आहे. या दोन गोष्टी एकाच बाईच्या ठिकाणी सापडतात याचं लोकांना अजूनही इतकं अप्रूप आहे, की मला आता त्या अप्रूपाचाच वीट आलाय. परवा राहुरीकडच्या एका शाळेत गेले होते. मुख्याध्यापक अस्सल नगरी माणूस. शिपायाशी, शिक्षकांशी, फाटकात घुसलेल्या कुत्र्याशीसुद्धा मराठीत बोलत होते. माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "आईये मॅडम, बैठिये. आने में तकलीफ तो नहीं हुई?" मी म्हणाले, "नाही सर, नगरहून इथवर यायला कसला आलाय त्रास!" तरी चहा येईपर्यंत त्यांनी ती हिंदी सोडली नाही. बिचारे इतके अवघडून बोलत होते की शेवटी मलाच त्यांची दया आली. कार्यक्रम संपल्यावर एक बाई पुढे आल्या, माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "किती शुद्ध मराठी हो तुमचं!" मी म्हणाले, "तुमचंही छान आहे." त्यांना वाटलं, मी गंमत केली.

हल्ली माझ्या पुस्तकांना 'बहुसांस्कृतिक बालसाहित्य' म्हणतात. म्हणोत. मी जिथे वाढले त्या गावाला कुणी बहुसांस्कृतिक म्हणत नव्हतं, काष्टीच्या अलीकडचं गाव म्हणत होते. अब्बा काष्टीच्या बाजारपेठेत विहिरीवरच्या मोटारींचं रिवायंडिंग करायचे, म्हणजे जळलेली तार काढून नवी गुंडाळायचे. मोटार जळली की शेतकरी ती सायकलला बांधून आणायचे आणि पहिलं वाक्य असायचं, "शब्बीरभाई, पिकाला पानी न्हाई, आजच द्या." त्यात संस्कृती कुठली आणि बहु कुठलं, हे शोधायला कुणालाच सवड नव्हती.

पण यंदाच्या जानेवारीत माझं डोकं फिरलं ते वेगळ्याच कारणानं. माझं नवं पुस्तक तयार आहे. हुरड्याच्या दिवसांतली दोन मैत्रिणींची गोष्ट आहे. एक अमीना आणि एक गोदा. ज्यांना हुरडा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, ज्वारीचा दाणा भरला पण अजून हिरवा, दुधाळ आहे, अशा वेळी कणसं खुडायची, शेतातच खड्डा करून गोवऱ्या पेटवायच्या, त्या आगटीच्या निखाऱ्यात कणसं भाजायची आणि गरम असतानाच तळहातांवर चोळून दाणे मोकळे करायचे. सोबत लसणाची चटणी आणि गूळ. दाणा त्या अवस्थेत फार थोडे दिवस राहतो. चार दिवस मागेपुढे झालं की टणक होतो, मग त्याची भाकरीच करायची. अमीना आणि गोदा यांचं ऐन हुरड्यात कडाक्याचं भांडण होतं आणि त्या कट्टी घेतात, एवढीच माझी गोष्ट.

माझ्या संपादक केतकीताई पुण्याच्या. वयानं माझ्यापेक्षा लहान, पण कामात सगळेच एकमेकांना ताई म्हणतात, तशा ताई. मनानं अगदी चांगल्या, त्यामुळे त्यांच्यावर धड चिडताही येत नाही. त्यांचा फोन आला. "ताई, गोष्ट फार गोड आहे. फक्त ते भांडण काढून टाकूया का?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काढून टाकलं तर उरतं काय?"

"मैत्री! दोघी मिळून हुरडा खातात, शेवटी अमीनाची आई सगळ्यांना शिरखुर्मा देते. किती छान संदेश जाईल. बघा ना, गोदाची म्हैस अमीनाचा हुरडा खाते. म्हणजे हिंदू मुलीची म्हैस मुस्लिम मुलीचा हुरडा खाते. उगाच कुणीतरी काहीतरी अर्थ काढायचं. शाळाही मग पुस्तक घेणार नाहीत."

म्हशीलाही धर्म असतो हे मला या वयात कळलं. निदान ती गाय नव्हती, एवढंच नशीब म्हणायचं. मी ते केतकीताईंना बोलले नाही. त्या पुढे म्हणाल्या, की हायवेवरच्या एका हुरडा पार्टीवाल्यांशी त्यांचं बोलणं झालंय. पुस्तकाचं प्रकाशन तिथेच, मुलांच्या हस्ते, बैलगाडीतून. "तेवढा शेवट रविवारपर्यंत बदलून द्या."

त्या हुरडा पार्टीचा फलक मी पाहिलाय. अनलिमिटेड हुरडा, झोके, जादूचे प्रयोग. अनलिमिटेड हुरडा म्हणजे काय ते मला अजून समजलेलं नाही. हुरडा चोळणाऱ्याच्या हातांना जेवढा सोसतो तेवढाच निघतो.

चित्रांची तर वेगळीच तऱ्हा. चित्रकारानं पाठवलेल्या पहिल्या चित्रात अमीनाच्या घरामागे मिनार, मिनारावर चंद्रकोर आणि अंगणात शेळी. आमच्याकडे शेळी कधीच नव्हती. शेळ्या होत्या त्या संगीताकडे, म्हणजे जिच्यावरून मी गोदा लिहिली तिच्याकडे. अमीनाच्या वडिलांना त्यानं लांब दाढी आणि हातात जपमाळ दिली. अब्बांच्या हातात मी जन्मभर तांब्याची तार पाहिली. मी चित्र परत पाठवलं, तर उत्तर आलं, "पण मग कळणार कसं?" काय कळायला हवंय यांना? मुलगी हुरडा खातेय हे कळत नाही का?

आणि हे सगळं एकाच बाजूनं आहे असंही नाही. माझे चाचा, अब्बांचे धाकटे भाऊ, त्यांनी कच्चा मजकूर वाचला आणि कपाळावर हात मारला. "रोजा रखके लडकी हुरडे के पास बैठी? लोगां क्या बोलेंगे? और झगडा बी करती? रोजे में? कुछ अच्छा दिखा ना बेटा अपना." म्हणजे एकांना माझी अमीना शिरखुर्मा वाटताना हवी, दुसऱ्यांना दुआ मागताना. दहा वर्षांची पोरगी रागावलेली कुणालाच नको. इतक्या जणांचं चांगलं दिसण्याचं ओझं त्या एवढ्याशा पोरीनं का म्हणून वाहायचं?

ती पोरगी अर्थात मीच.

आमचं घर आणि संगीताचं घर यांच्यामध्ये एक बोळ आणि एक नळ. तिच्या वडिलांची गावाबाहेर ओढ्याकडेला ज्वारी होती. थंडीच्या सकाळी त्या रानात गेलं की ओल्या मातीचा आणि ज्वारीच्या पानांचा एक करकरीत वास यायचा. पाखरं हाकायला तिचे वडील, ती त्यांना दादा म्हणायची, मचाणावर उभे राहून गोफण फिरवायचे. गोफणीचा तो फटकन आवाज आला की पाखरांचा अख्खा थवा उठायचा आणि शेजारच्या रानात जाऊन बसायचा, मग शेजारचे त्याला हाकायचे. दिवसभर हाच खेळ. आम्ही दोघी बांधावर बसून बोरं खात ते बघायचो. पान लागून हातांवर बारीक चरे उठायचे आणि रात्री खोबरेल लावताना झोंबायचे.

त्या वर्षी रमजान थंडीत आला होता. रमजानचं असं असतं, चंद्रावर चालत असल्यानं तो दरवर्षी थोडा थोडा मागे सरकतो, उन्हाळा, पावसाळा सगळं हिंडून येतो आणि पुन्हा त्याच थंडीत पोहोचायला त्याला बत्तीस-तेहतीस वर्षं लागतात. ज्वारी मात्र दरवर्षी आपल्या ठरल्या वेळी हुरड्यात येते. या दोघांची गाठ माणसाच्या आयुष्यात दोनदा पडली तरी पुष्कळ. माझा पहिला रोजा नेमका त्या गाठीत सापडला. शनिवारी सकाळची अर्धी शाळा, पोर दमणार नाही, म्हणून अम्मीनं शनिवार निवडला. आणि शनिवारी सकाळची अर्धी शाळा, सगळ्या मुलींना येता येईल, म्हणून संगीतानं हुरड्यालाही शनिवारच निवडला.

"रविवारी कर ना," मी तिला म्हणाले होते.

"रविवारी दादा नसनार, आन् सोमवारपातूर दाना टनक हुईल. तू ये की. तू चोळ. चोळनाराला तसं बी शेवटीच खायाला मिळतं. दिवस मावळंपातूर तुजा वाटा ठिवते, मग सोड तुजा रोजा."

हे खरं होतं. आमच्याकडे हुरड्याची रीतच आहे, जो चोळतो तो आधी दुसऱ्यांना वाढतो. समोरचा पुरे म्हणेपर्यंत त्याच्या तळहातावर गरम दाणे ओतत राहायचे, स्वतः मागून खायचं. त्यामुळे रोजा असलेल्या मुलीनं हुरडा चोळायला बसावं यात आम्हा दोघींना काहीच वावगं वाटलं नाही. उलट फार सोयीचं वाटलं.

ती दुपार माझ्या नाकात अजून आहे. गोवरीचा धूर, कणीस तडकल्याचा वास, पाट्यावर वाटलेल्या चटणीचा तो लसूण. उपाशी पोटी वास किती मोठे होतात ते ज्यानं रोजा धरलाय त्यालाच माहीत. मी चोळत होते, फुंकर मारून कोंडा उडवत होते आणि वर्गातल्या मुलींच्या हातांवर ओतत होते. तळहात लाल झाले, मग काळे झाले. संगीता अधूनमधून एका पितळी वाटीत मूठभर दाणे टाकायची आणि वर फडकं झाकायची. माझा वाटा. त्या वाटीकडे बघत मी अख्खी दुपार काढली.

उन्हं कलली, मुली घरी गेल्या. मी विहिरीच्या हौदावर हात धुवायला गेले आणि परत आले, तर संगीता गोठ्याशी उभी राहून ती वाटी म्हशीच्या गव्हाणीत उपडी करत होती. म्हैस माझा हुरडा खात होती. शांतपणे, डोळे अर्धे मिटून.

मी काय बोलले ते आठवत नाही. फार काही बोलले नसेन. फडकं तिच्या अंगावर फेकलं आणि बांधाबांधानं पळत घरी आले. अजान झाली, अम्मीनं खजूर दिला, तो मी रागानंच चावला. अम्मी म्हणाली, "रोजा रखे तो गुस्सा नै करते." मी म्हणाले, रोजा सुटलाय आता.

मग कट्टी. साधीसुधी नव्हे. आम्ही वर्गात बाक बदलला. नळावर ती आली की मी कळशी उचलून निघायची. ईदला अम्मीनं शिरखुर्म्याचा डबा माझ्याच हातून संगीताकडे पाठवला. मी तो उंबऱ्यावर ठेवला, कडी वाजवली आणि पळाले. दुसऱ्या दिवशी डबा आमच्या उंबऱ्यावर, घासलेला, आत गूळ-शेंगदाणे, कारण रिकामा डबा परत करायचा नसतो. कडी वाजली होती आणि बोळात कुणी नव्हतं. केतकीताईंना हवा असलेला शिरखुर्मा तो हा. दोन्ही घरांनी आपापल्या रीती पाळल्या आणि आम्ही दोघींनी कट्टी पाळली. कशानं काही अडलं नाही.

मिटलं कसं, तर मिटलं नाही. वार्षिक परीक्षेत गणिताच्या पेपरला तिच्याकडे कर्कटक नव्हतं, तिनं हात पुढे केला, मी दिलं. त्यानंतर आम्ही बोलायला लागलो आणि त्या शनिवारचं नाव कुणीच काढलं नाही. तिचं लग्न गावातच झालं, मी शिकायला नगरला आले आणि तिथलीच झाले. तिच्या मुलीच्या बारशाला माझ्या गोष्टीतलं नाव ठेवलं. तिच्या नवऱ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ती दवाखान्याबाहेर माझ्या खांद्यावर झोपली. माझ्या आयुष्यात तिच्याइतकं जवळचं माणूस नाही. आणि आमच्या मैत्रीत मला लिहावीशी वाटलेली गोष्ट ही तेवढी एकच, म्हशीनं खाल्लेला हुरडा. कारण भांडता येतं म्हणून तर ती मैत्रीण. ज्यांच्याशी जपून बोलावं लागतं त्यांना मी पाहुणे म्हणते. मला मुलांच्या पुस्तकात दोन पाहुण्या नको होत्या. हे मी केतकीताईंना कसं समजावू? मला सारखी भीती वाटत होती, की मी कंटाळून एक दिवस हो म्हणेन आणि त्या पुस्तकातून संगीता कायमची जाईल. तिच्या जागी एक हसरी गोदा येईल, हातात हात घेऊन उभी.

शनिवारी संगीताचा फोन आला. "हुरडा आलाय. येतीस का शेहरातच बसतीस?"

गेले. तिच्या सासरचं रान, पण थंडी तीच आणि वास तोच. रमजान अजून लागायचाय, तरी हिंडत हिंडत तो पुन्हा थंडीच्या जवळ येऊन ठेपलाय. संगीतानं आगटी पेटवली. मला चोळू दिलं नाही. "तुजे हात आता कागदाचे झालेत," म्हणाली. ती चोळत होती, मी खात होते आणि मधल्या वेळात मी तिला माझी गोष्ट वाचून दाखवली. भांडण काढायचं की ठेवायचं, हे मला तिच्याकडून ऐकायचं होतं.

म्हशीचा भाग आला तशी तिचे हात थांबले.

"म्हशीला का दिला त्ये का न्हाई लिवलं?"

"मला कुठं माहीत?"

"गार झाल्ता. वातड. गार हुरडा पावण्याला तरी देतंय का कुनी? आन् तू दिवसभर उपाशी. पोट धरून बसली असतीस." ती हे अगदी साधेपणानं म्हणाली. "तू हात धुवायला गेल्तीस तवा मी कणसं निवडून ठिवली हुती. परत आगटी पेटवली. दिवस मावळला, तुमची अजान झाली. मी बसून. तू कुटं? आई मला हाका मारमारून दमली."

मी विचारलं, "मग तो गरम हुरडा कुणी खाल्ला?"

"कोन खानार? म्हशीनंच."

मला हसू आलं, रडू आलं आणि त्या दोन्हीवर मात करून संताप आला. एवढी वर्षं! एवढी वर्षं ही बाई हे पोटात घेऊन बसली! "मग तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तू इचारलंस का? फडकं फेकून गेलीस की. मी काय मागं पळत येऊ?"

"एक हाक मारता आली असती!"

"आन् तुला थांबता आलं असतं. तुज्या गोष्टीत ती गोदा लई दुष्ट वाटती बग. ह्ये बदल आदी."

आणि तिथे माझ्या लक्षात आलं, की केतकीताईंना हवा होता तो शेवट आयता माझ्या हातात पडलाय. रोजा असलेल्या मैत्रिणीसाठी दुसऱ्यांदा आगटी पेटवून वाट पाहणारी मुलगी. टाळ्याच टाळ्या. बैलगाडीतून प्रकाशन. प्रत्येक स्नेहसंमेलनात मला तोच प्रसंग सांगायला लावतील, आणि मुख्याध्यापक डोळे पुसून हिंदीत आभार मानतील. माझी अशी चिडचिड झाली की काही विचारू नका. खोटं असतं तर सरळ नाही म्हणता आलं असतं. हे तर खरं निघालं. लोकांना आवडेल म्हणून खरं लिहायचं नाही, हा कुठला न्याय? आणि लिहायचं, तर ती आगटी एकटीच कशी लिहू? तिच्यासोबत फेकलेलं फडकं आहे, न मारलेली हाक आहे, नळावरची कळशी आहे, आणि दोन्ही वेळा पोटभर जेवलेली ती म्हैस आहे.

"लिव्ह की आगटीचं," संगीता म्हणाली. "पर चूक तुजी हुती ह्ये बी लिव्ह."

"ते मी मरेपर्यंत लिहिणार नाही. तू सांगायला हवं होतंस."

"न्हाई. तू इचाराया पायजे हुतंस."

असं बराच वेळ चाललं. तिचा नवरा वैरण घेऊन आला, आमच्याकडे बघून आल्या पावली परत गेला. शेवटी संगीता म्हणाली, "जा, मी बोलनार न्हाई तुज्याशी." आणि तिनं खरंच तोंड फिरवलं. केसांत पांढरं दिसायला लागलेली, लेकीला कॉलेजात घातलेली बाई.

तेवढ्यात केतकीताईंचा फोन. "ताई, उद्या रविवार. शेवटाचं काय ठरलं? भांडण काढतोय ना आपण?"

मी संगीताकडे पाहिलं. तिनं निखाऱ्यातून कणीस ओढलं, तळहातांवर चोळलं आणि फुंकर मारली.

"काढता येणार नाही, केतकीताई," मी म्हणाले. "ते अजून चालू आहे."

फोन ठेवला तर माझ्या हातावर गरम दाणे येऊन पडले होते. संध्याकाळची एसटी येईपर्यंत संगीता माझ्याशी एक शब्द बोलली नाही, आणि मी पुरे म्हणेपर्यंत तिनं माझा हात रिकामा राहू दिला नाही. मी मुद्दामच पुरे म्हणाले नाही.